जुनी आउटबोर्ड मोटर विकत घेण्यापूर्वीची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व विदर्भातल्या खिंडसी, नवेगाव खैरी, गोसेखुर्द किंवा इटियाडोह या जलाशयांवर नाव चालवणारे मच्छीमार, नौकाविहाराचे ठेकेदार, जलाशयात पिंजरे टाकून मासे वाढवणारे व्यावसायिक आणि काही हौशी मंडळी यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आउटबोर्ड मोटर म्हणजे नावेच्या मागे बाहेरून अडकवायचे इंजिन. उत्तरे मुख्यतः ५ ते ४० अश्वशक्तीच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरींना लागू पडतात. बचाव पथकातले लोक या यंत्राला ओबीएम (आउटबोर्ड मोटरचे लघुरूप) म्हणतात, डोंग्यावरचे लोक नुसतेच मशीन म्हणतात. मी येथे मोटर हाच शब्द वापरला आहे.

नागपुरात जुन्या मोटरी येतात तरी कुठून, आणि त्याने तपासणीत काय फरक पडतो?

साधारणपणे तीन वाटांनी येतात. पहिली वाट कोकणातून आणि मुंबईकडून: तिथल्या मच्छीमाराने किंवा जलक्रीडा व्यावसायिकाने चार-सहा हंगाम खाऱ्या पाण्यात वापरून काढलेली मोटर ट्रकमध्ये टाकून इकडे येते. दुसरी वाट सरकारी लिलावाची: पूर बचावासाठी घेतलेल्या मोटरी निर्लेखित झाल्या (म्हणजे सरकारी नोंदीतून काढून टाकल्या) की त्या भंगाराच्या ढिगासोबत विकल्या जातात. तिसरी वाट बंद पडलेल्या रिसॉर्टची किंवा ठेका संपलेल्या बोट क्लबची, जिथे मोटर गोड्या पाण्यातच चाललेली असते, पण मालकाने तिला शेवटची दोन वर्षे टिनाच्या शेडमध्ये उभी करून ठेवलेली असते.

या तिन्हींचे आजार वेगळे आहेत. समुद्रावरच्या मोटरीला मिठाने आतून खाल्लेले असते. लिलावाच्या मोटरीचे तास कमी भरतात, पण ती एखाद्या पुरात बुडालेली असू शकते. आणि शेडमधली मोटर नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर भाजून निघालेली असल्यामुळे तिचे सगळे रबर कडक झालेले असते. माझ्या अनुभवात आपल्याकडे मोटरी चालून झिजण्यापेक्षा न चालता सडण्याचे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. म्हणून "साहेब, फारच कमी चालली आहे" हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नये. जी मोटर दर आठवड्याला चालते आणि जिचे तेल वेळेवर बदलले जाते, ती कमी चाललेल्या मोटरीपेक्षा बहुधा बरी निघते.

बघायला जाण्यापूर्वी विक्रेत्याशी फोनवर काय बोलून घ्यावे?

मोटर थंड ठेवा, मी येण्यापूर्वी सुरू करू नका आणि गिअरचे तेल बदलू नका, असे स्पष्ट शब्दांत सांगावे. गेल्यावर पहिले काम म्हणजे वरचे झाकण काढून सिलिंडरच्या डोक्यावर तळहात टेकवणे. ते कोमट लागले, तर मोटर तुमच्या येण्याआधी मिनतवारीने सुरू करून ठेवली आहे असे समजावे. अशा वेळी भांडण न करता चहा घ्यावा, गावात एखादे काम असेल तर ते उरकून यावे आणि दोन-तीन तासांनी पुन्हा बघावे. थंड मोटर पहिल्या तीन-चार ओढींत सुरू होते का, यावरून कार्बोरेटर, प्रज्वलन (इग्निशन) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांची एकत्रित परीक्षा होते. गरम मोटर सुरू होण्याने फारसे काही सिद्ध होत नाही.

मोटर शेवटची कधी आणि कोणत्या पाण्यात चालली, हेही विचारून घ्यावे. उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ अधिक सांगून जातो.

शाफ्टची लांबी मोजणे इतके महत्त्वाचे आहे का?

होय, आणि हे काम घरून निघण्यापूर्वीच संपवता येते. मोटर ज्या मागच्या उभ्या फळीवर अडकवली जाते तिला ट्रान्सम म्हणतात. आखूड शाफ्टची मोटर सुमारे १५ इंचाच्या ट्रान्समसाठी आणि लांब शाफ्टची सुमारे २० इंचाच्या ट्रान्समसाठी असते. २५ इंचाची अतिलांब मोटर आपल्याकडे क्वचितच दिसते. क्लॅम्पची आतली वरची कड ते पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी एवढे अंतर विक्रेत्याला टेपने मोजून फोटो पाठवायला सांगावे. ती आडवी पट्टी नावेच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर इंचभर खाली यायला हवी. आखूड मोटर उंच ट्रान्समवर लावली की पंखा हवा ओढतो आणि नाव जागची हलत नाही. लांब मोटर बुटक्या ट्रान्समवर लावली की ती पाणी उडवते, ओढ वाढवते आणि उन्हाळ्यात जलाशय आटला की सगळ्यात आधी दगडाला तीच लागते.

झाकण न उघडता बाहेरून काय काय कळते?

बरेच काही कळते. रंगाखाली फोड आलेले असतील आणि नख लावल्यावर पांढरी भुकटी निघत असेल, तर ते ॲल्युमिनियमचे गंजणे आहे आणि मोटर समुद्राची आहे. पंख्याखालचे उभे पाते तुटलेले किंवा वेल्डिंग केलेले असेल, तर मोटर कधीतरी जोरात आपटली आहे. तेवढ्यावरून नकार देण्याची गरज नाही, पण पंख्याचा दांडा वाकला आहे का हे बघावेच लागते. त्यासाठी प्लग काढून घ्यावेत, मोटर न्यूट्रलमध्ये ठेवावी, दुसऱ्याला पंखा हाताने हळूहळू फिरवायला सांगावा आणि दांड्याच्या टोकाशी एक पेन्सिल स्थिर धरावी. टोक पेन्सिलीपासून जवळ-दूर होत असेल तर दांडा वाकलेला आहे. तो दांड्याभोवतीचे, पाणी अडवणारे सील फाडतो आणि सील फाटले की गिअरमध्ये पाणी शिरते.

मोटरीच्या पायाशी जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा एक तुकडा बसवलेला असतो, तो स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवतो. तो अर्धा झिजलेला असणे हे चांगले लक्षण आहे, कारण तो आपले काम करत होता. तो पूर्ण संपलेला असेल किंवा त्याच्यावर रंग फासलेला असेल, तर त्याच्याऐवजी मोटर झिजली आहे. गोड्या पाण्यात जस्ताचा तुकडा नीट काम करत नाही, म्हणून समुद्राकडून आलेली मोटर घेतल्यास पुढे मॅग्नेशियमचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा बसवावा.

नव्या रंगाबद्दल एवढेच सांगतो की नळ्यांवर, बोल्टच्या खाचांत किंवा स्टिकरच्या कडांवर फवाऱ्याचे शिंतोडे दिसले, तर रंग कशावर चढवला आहे हा प्रश्न विचारावा. मोटर डावी-उजवी वळवून आणि वर उचलून बघावी, आणि क्लॅम्पचे स्क्रू हाताने फिरतात का तेही पाहावे. खाऱ्या पाण्यातल्या मोटरींचे हे स्क्रू कधी कधी असे जाम झालेले असतात की ट्रान्सम कापूनच मोटर काढावी लागते.

गिअरचे तेल तपासायला सगळेच सांगतात. ते नेमके कसे तपासायचे?

पूर्ण तपासणीत एकच गोष्ट करण्याची मुभा मिळाली, तर मी हीच करीन, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

मोटरीच्या अगदी खालच्या भागात, पंख्यासमोरच्या फुगीर गोळ्यात गिअर असतात आणि ते तेलात बुडालेले असतात. त्या भागाला दोन स्क्रू असतात: एक खाली, तेल काढण्याचा, आणि एक वर, हवा येण्याचा. मोटर उभी ठेवून, खाली पांढरी वाटी धरून आधी फक्त खालचा स्क्रू अलगद सैल करावा आणि वरचा बंदच ठेवावा, म्हणजे तेल थेंबाथेंबाने येते. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे मोटर रात्रभर उभी राहिलेली असेल, तर आत शिरलेले पाणी तळाशी बसते आणि सर्वांत आधी तेच बाहेर पडते. पहिले थेंब स्वच्छ पाण्याचे आले, किंवा तेल दुधाच्या चहासारखे आले, तर सील गेले आहे. काळे पण पारदर्शक तेल हे फक्त जुने तेल आहे, त्याला घाबरण्याचे कारण नाही. तेल दोन बोटांत चोळून उन्हात धरावे. चांदीच्या वर्खासारखी अगदी बारीक चकाकी चालते. बोटाला टोचणारे कण चालत नाहीत. काही स्क्रूंच्या टोकाला चुंबक असते. त्यावर काळसर मऊ लेप जमलेला असणे स्वाभाविक आहे, पण त्यात दाताचा तुकडा सापडला तर वाटी तिथेच ठेवून निरोप घ्यावा.

उमरेड रस्त्यावरच्या एका शेडमध्ये मला दाखवलेल्या मोटरीचे तेल मधासारखे सोनेरी निघाले. विक्रेता खूश होता. मात्र खालच्या स्क्रूचा वॉशर कोरा होता आणि त्याच्याभोवतीचा बोटभर भाग धूळ पुसून लख्ख केलेला होता. बाकी सगळ्या पायावर वाळलेला चिखल तसाच होता. तेल त्याच दिवशी बदलले होते हे उघड होते. मी काही न बोलता मोटर पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये पंधरा मिनिटे चालवली, पाय रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची विनंती केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. स्क्रू सैल केल्यावर वाटीत चमचाभर पाणी आले, मग तेल. ते पाणी वाटीच्या कडेकडेने फिरत राहिले आणि तेल त्याच्यावर तरंगले. त्यानंतर किमतीची बोलणी बरीच सोपी झाली.

सील बदलणे हे महाग काम नाही. पण पाणी किती दिवस आत होते हे कुणीच सांगू शकत नाही, आणि त्या दिवसांत बेअरिंग व दात गंजलेले असतात. पंखा काढून दांड्याभोवती तंगूस (जाळ्याचा नायलॉन धागा) गुंडाळले आहे का हे जरूर पाहावे, कारण जाळ्यांच्या पाण्यात सील कापणारा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तोच असतो.

कॉम्प्रेशन किती असावे?

एका आकड्याच्या मागे लागू नये. टू-स्ट्रोक मोटरीत साधारण ९० ते १३० पीएसआय (दाबाचे एकक) आणि फोर-स्ट्रोकमध्ये त्याहून बरेच जास्त आकडे मिळतात, पण मॉडेल, गेज आणि दोरी ओढणाऱ्याचा दंड यांप्रमाणे ते बदलतात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्यामुळे किनाऱ्यावर घेतलेल्या आकड्यापेक्षा आपल्याकडे तीन-चार टक्के कमीच येणार. खरे महत्त्व सिलिंडरांमधल्या फरकाला आहे. एका सिलिंडरमध्ये ११८ आणि दुसऱ्यात ११५ आले, तर निश्चिंत राहावे. ११८ आणि ९२ आले, तर रिंगा, पिस्टन किंवा हेड गॅस्केट यांपैकी काहीतरी गेले आहे. फरक दहा टक्क्यांच्या आत असावा आणि पंधराच्या पुढे गेला की मोटर उघडावी लागणार असे धरून चालावे.

मोजताना सगळे प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडावा, किल स्विचची (मोटर तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून ठेवावी आणि प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवाव्यात, नाहीतर इग्निशनची कॉइल जळू शकते. प्रत्येक सिलिंडरसाठी तेवढ्याच ओढी घ्याव्यात. गेज दुचाकीच्या मेकॅनिककडून तासाभरासाठी मागून आणता येते, फक्त त्याच्या टोकाचे आटे तुमच्या प्लगच्या आट्यांशी जुळतात का ते आधी पाहावे.

प्लग बघून काय समजते?

प्लग कोणत्या सिलिंडरचा आहे हे लक्षात राहील अशा क्रमाने मांडावेत. विटकरी किंवा तपकिरी रंग उत्तम. काळा आणि तेलकट असेल तर मिश्रण जाड आहे किंवा मोटर बराच वेळ मंद चालवली जाते, जे मासेमारीत नेहमीचेच आहे. पांढराफटक, किंवा ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके चिकटलेला प्लग म्हणजे मोटर तापलेली आहे. दोनपैकी एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ किंवा गंजलेला असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात आहे. सगळेच प्लग कोरे असतील, तर जुने दाखवा म्हणावे.

नागपुरात चाचणीसाठी लगेच तलाव उपलब्ध नसतो. ड्रममध्ये मोटर चालवलेली चालते का?

चालते, आणि पहिली चाचणी ड्रममध्येच घ्यावी. २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम इतवारीत सहज मिळतो. त्याचा वरचा भाग कापून, मोटर भक्कम लाकडी घोडीवर अडकवून, पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या बरेच वर येईल इतके भरावे. पंखा काढून ठेवावा, कारण गिअर पडल्यास पंखा अर्धा ड्रम अंगावर रिकामा करतो आणि हाताशीही त्याचे वैर असते. धूर त्याच पाण्यात सोडला जात असल्यामुळे बंद खोलीत हा प्रयोग कधीही करू नये, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पाणी तापले की बदलावे. ड्रममध्ये किंवा पाण्याचे मफ (पाणी खेचण्याच्या जाळीवर बसवायच्या, नळाला जोडलेल्या रबरी वाट्या) लावून मोटर मोठ्याने रेटू नये. भार नसताना ती मर्यादेबाहेर पळते.

पाण्याशिवाय मात्र मोटर अर्धे मिनिटही चालवू नये. "फक्त आवाज ऐकू" म्हणून सुरुवातीच्या काळात मी हा प्रताप एकदा केला आहे. थंडाव्याचे पाणी खेचणाऱ्या रबरी इम्पेलरच्या पाकळ्या घासून वितळल्या आणि मोटर मालकाला नवा इम्पेलर घेऊन द्यावा लागला.

मोटर सुरू होताच मागच्या छिद्रातून पाण्याची धार निघते का ते पाहावे. धार थोड्या वेळातच आणि ठाम आली पाहिजे. धार बारीक असेल, तर आधी छिद्रात एक पातळ तार घालून पाहावी, कारण कित्येकदा तिथे कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले असते. तरीही धार सुधारली नाही, तर इम्पेलर गेला आहे किंवा आतल्या वाटा मिठाने वा गाळाने बुजल्या आहेत. इम्पेलर दोन-तीन वर्षांनी बदलायचाच असतो, त्यामुळे तो दोष क्षुल्लक आहे. बुजलेल्या वाटा क्षुल्लक नाहीत. दहा मिनिटे चालल्यानंतर सिलिंडरच्या डोक्यावर हात फार तर क्षणभर टेकवता यावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुर्रकन उडून गेला, तर मोटर तापते आहे.

याच वेळी मोटर न्यूट्रल, फॉरवर्ड आणि रिव्हर्समध्ये टाकून बघावी. गिअर हळूहळू सरकवण्यापेक्षा एका झटक्यात टाकावा, नाहीतर दात घासल्याचा आवाज येतो आणि दोष मोटरीच्या माथी जातो. किल स्विचची दोरी ओढल्यावर मोटर ताबडतोब बंद झाली पाहिजे. तशी होत नसेल, तर विक्रेत्याने काहीही म्हटले तरी ती दुरुस्त होईपर्यंत पाण्यावर जाऊ नये.

ड्रममध्ये ठीक चालली, तर तलावावरची चाचणी आवश्यक आहे का?

आहे. भाराखाली गिअर सुटतो का, पूर्ण थ्रॉटलवर मोटर गुदमरते का आणि पंख्याच्या आतले रबर घसरते का, हे तीन दोष पाण्यावरच दिसतात. रबर घसरत असेल, तर इंजिनाचा आवाज चढतो, नाव मात्र तेवढीच राहते. वायरीला अडकवायचा टॅकोमीटर असेल, तर पूर्ण थ्रॉटलवर फेरे मोजावेत. बऱ्याच मोटरींची मर्यादा मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या आसपास असते. हलक्या नावेत दोघेच बसले असताना मोटर ४,२०० वरच अडकत असेल, तर एक तर पंखा चुकीच्या पिचचा (एका फेऱ्यात पुढे सरकण्याच्या अंतराचा) आहे किंवा एखादा सिलिंडर काम करत नाही. पंख्याचे पिच एक इंचाने बदलले तर फेरे साधारण दीडशे ते दोनशेने बदलतात, त्यामुळे पंख्याचा दोष सुधारता येतो.

चाचणीसाठी जागा निवडताना परवानगी लागते हे विसरू नये. जलाशय जलसंपदा विभागाच्या किंवा महापालिकेच्या ताब्यात असतात, काही ठिकाणी मासेमारीचा ठेका असलेली सहकारी संस्थाही असते, आणि तोतलाडोहसारखा व्याघ्र प्रकल्पातला जलाशय चाचणीसाठी नाहीच. जलपर्णी दाट असलेल्या पाण्यातही चाचणी घेऊ नये. ती पाणी खेचण्याच्या जाळीवर चिकटते आणि चांगली मोटरही तापलेली दिसते.

टू-स्ट्रोक घ्यावी की फोर-स्ट्रोक?

जुनी मोटर घ्यायची असेल आणि ती रोज खांद्यावरून उतरवून न्यायची असेल, तर माझे मत टू-स्ट्रोकच्या बाजूने आहे: ती हलकी असते, तिच्यात भाग कमी असतात आणि दुचाकीवर हात बसलेला मेकॅनिक ती उघडू शकतो. तेल मात्र पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे, टीसी-डब्ल्यू३ दर्जाचेच लागते; स्कूटरचे तेल वापरून चालवलेल्या मोटरीत कार्बन साचतो. बहुतेक अलीकडच्या मोटरींना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, तर काही जुन्यांना २५:१ प्रमाण लागते. विक्रेता किती तेल घालतो हे त्याला सहज विचारावे. "अंदाजाने घालतो" असे उत्तर आले, तर कॉम्प्रेशनकडे दुप्पट लक्ष द्यावे.

फोर-स्ट्रोक शांत चालते आणि पेट्रोल कमी पिते, म्हणून पर्यटकांच्या नावेसाठी ती योग्य आहे. तिच्यात डिपस्टिक काढून इंजिनचे तेल पाहावे. तेल दुधाळ असेल तर पाणी, आणि पातळी खुणेच्या वर जाऊन पेट्रोलचा वास येत असेल तर तेलात पेट्रोल उतरत आहे. टायमिंग बेल्ट असलेल्या मॉडेलमध्ये बेल्टला भेगा आहेत का ते बघावे, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात रबराचे वय कागदावरच्या वयापेक्षा लवकर वाढते.

केरोसीनवर चालणारी मोटर स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?

किनाऱ्यावरच्या मासेमारीसाठी बनवलेल्या या मोटरी पेट्रोलवर सुरू होऊन केरोसीनवर चालतात आणि त्यांचे कॉम्प्रेशन मुद्दामच कमी ठेवलेले असते. त्यामुळे त्यांचा कमी आकडा बघून मोटर झिजली असे समजू नये, आणि ती पेट्रोलवर चालवून पूर्ण ताकदीची अपेक्षाही करू नये. आपल्याकडे केरोसीन मिळवणेच कठीण असल्याने मी सहसा नको म्हणतो.

मोटर पूर्वी बुडालेली होती हे कसे ओळखावे?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचे पाणी सांडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा आपल्या शहराच्या रस्त्यांवरही बचावाच्या नावा फिरल्या. पुराच्या पाण्यात मोटर कलंडणे ही नवलाची गोष्ट नाही. पण तिला त्यानंतर ताबडतोब उघडून, पाणी काढून, तेल मारून चालवले गेले का, यावर सारे अवलंबून असते. झाकणाखाली, फ्लायव्हीलच्या मागे आणि वायरींच्या गुच्छात बारीक वाळलेला गाळ दिसतो का पाहावे. झाकणाचा वरचा भाग कितीही धुतला तरी या सांदीकोपऱ्यांत बोट घातल्यावर माती निघतेच. स्टार्टर मोटरीचा गंज आणि जोडण्यांमधली हिरवट बुरशी हीही त्याचीच चिन्हे आहेत. चालू असताना बुडालेली मोटर अधिक धोक्याची असते, कारण पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी मोटर कदाचित सुरू होईल, पण एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कायम कमी दाखवील.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा जुन्या मोटरीवर परिणाम होतो का?

होतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषते आणि पाणी पुरेसे साचले की ते टाकीच्या तळाशी वेगळे होते, त्यामुळे पावसाळाभर भरून ठेवलेली टाकी मोटरीला घातक ठरते. जुन्या नळ्यांचे रबरही त्याने आतून सुटते. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी पंप हाताने दाबावा: चार-सहा दाबांत तो कडक होऊन तसाच राहिला पाहिजे. तो मऊच राहिला तर कुठेतरी हवा शिरते आहे, आणि दाबताच काळे कण निघाले तर नळी, पंप व कार्बोरेटर साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करावा.

सुटे भाग मिळतील की नाही, हे आधी कसे ठरवावे?

मोटर बघण्यापूर्वी तिचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन वितरकाला फोन करावा आणि इम्पेलर, गिअरची सील आणि पंखा या तीनच गोष्टी विचाराव्यात. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी आणि तोहात्सु यांचे भाग मुंबईहून मागवता येतात. एविनरूडचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले आहे, म्हणून ती मोटर कितीही देखणी असली तरी भागांची सोय बघूनच पुढे जावे. ब्रँडवरून घेतलेला निर्णय नेहमीच बरोबर ठरतो असे नाही; ज्या मोटरीचा इम्पेलर तीन दिवसांत नागपुरात पोहोचतो, ती माझ्या लेखी चांगली मोटर.

कोणती कागदपत्रे मागावीत?

मूळ बिल, आणि आयात केलेली असल्यास सीमाशुल्काचे कागद मिळाले तर उत्तम. लिलावातली असेल, तर लिलावाची पावती आणि निर्लेखनाचे पत्र यांवर मोटरीचा क्रमांक आहे का बघावे. हा क्रमांक बहुधा क्लॅम्पवरच्या पाटीवर असतो. पाटी खरवडलेली असेल किंवा तिच्या रिबेटांच्या जागी स्क्रू असतील, तर मोटर चोरीची असू शकते आणि ती घेऊ नये. विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि क्रमांकासह साधी विक्रीपावती लिहून घ्यावी. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यंत्रचालित नावेची नोंदणी करावी लागते आणि तेव्हा इंजिनचा तपशील विचारला जातो; त्या वेळी या कागदांची किंमत कळते.

कोणता दोष घासाघीशीचा आणि कोणता नकाराचा?

इम्पेलर, प्लग, पंखा, नळ्या, कार्बोरेटरची सफाई, दोरीचा स्प्रिंग आणि जस्ताचा तुकडा हे सारे घासाघीशीचे विषय आहेत. गिअरमधले पाणी हा मधला विषय आहे: किंमत पुरेशी खाली आली आणि दात शाबूत दिसले, तर घ्यायला हरकत नाही. सिलिंडरांतला मोठा फरक, गिअरमधले धातूचे तुकडे, तापून रंग करपलेले सिलिंडरचे डोके आणि खरवडलेली पाटी यांना मी नकार देतो. विक्रेता थंड सुरुवात करून दाखवायला किंवा प्लग काढू द्यायला तयार नसेल, तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही.

घेतलेली मोटर किनाऱ्यावरून आणताना आणि आणल्यावर काय करावे?

समृद्धी महामार्गामुळे ७०१ किलोमीटरचा पल्ला एका दिवसात संपतो, पण मोटर आडवी टाकून आणली तर ती बिघडायला तो एक दिवसही पुरतो. टू-स्ट्रोक मोटरीचे डोके पायापेक्षा नेहमी उंच ठेवावे, नाहीतर पायात उरलेले पाणी सिलिंडरमध्ये उतरते. फोर-स्ट्रोक मोटर कंपनीने खुणेने दाखवलेल्या बाजूवरच आडवी ठेवावी, अन्यथा तेल सिलिंडरमध्ये जाते. पंख्याच्या बाजूला जुने टायर किंवा गोणपाट बांधावे.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ड्रममध्ये गोडे पाणी भरून मोटर पंधरा मिनिटे चालवावी आणि आतले मीठ बाहेर काढावे. त्यानंतर गिअरचे तेल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बुडबुडे न येता तेल येईपर्यंत भरावे. वरून ओतल्यास आत हवा अडकते आणि पाय अर्धा रिकामा राहतो. दोन्ही स्क्रूंचे वॉशर त्याच वेळी नवे घालावेत. इम्पेलर कसाही दिसत असला तरी बदलावा, आणि काढलेला इम्पेलर टाकून न देता अवजारांच्या पेटीत ठेवावा; गोसेखुर्दच्या मध्यावर नवा फाटला, तर काठापर्यंत यायला तो पुरतो.